कल्चरल स्टडीजचे विद्यार्थी, त्यांचे कार्यक्रम आणि 'अचिव्हमेंट्स': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्चरल स्टडीज (म्हणजे संस्कृतीचा अभ्यास) डिपार्टमेंटचं बातमीपत्र आणि कार्यक्रमांचं कॅलेंडर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हे प्रश्न मलाच येतात, कधी मेलवर, कधी जिन्यात गाठून, कधी रात्री उशिरा "एक छोटासा डाऊट होता" म्हणून. त्यातले परत परत येणारे इथे एकत्र केलेत. एमएवाले आणि पीएचडीवाले दोघांसाठी आहेत. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा जिथे फॉर्म, सही किंवा पैसे यांचा संबंध येतो तिथे आधी तुमचं हँडबुक बघा, मग हे वाचा.

१. सेमिनार, कलोक्वियम, सिम्पोझियम, राऊंडटेबल, वर्कशॉप... हे सगळं एकच ना?

नाही, पण लोक वापरतात मात्र एकच असल्यासारखं, त्यामुळे गोंधळ होणारच. ढोबळ सांगायचं तर कलोक्वियम म्हणजे डिपार्टमेंटमधली ठरावीक वारी होणारी बैठक, एक जण बोलतो आणि बाकीचे प्रश्न विचारतात. सिम्पोझियम म्हणजे एकाच विषयावर एखाद-दोन दिवस, बोलणारे बहुतेक बोलावलेले असतात. कॉन्फरन्सला कुणीही अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे पेपरचा छोटा सारांश) पाठवू शकतं आणि एकाच वेळी चार खोल्यांत चार पॅनेल चालू असतात. राऊंडटेबलमध्ये कुणी पेपर वाचत नाही, प्रत्येकाने पाच-सात मिनिटं मुद्दा मांडायचा आणि मग आपसात बोलायचं. वर्कशॉपमध्ये कच्चा मसुदा आधीच सगळ्यांना पाठवलेला असतो आणि सगळ्यांनी तो वाचून यायचं असतं (असतं म्हणजे अपेक्षा असते!). सीव्हीवर लिहिताना आयोजकांनी जो शब्द वापरलाय तोच वापरा, वर्कशॉपला स्वतःच्या मनाने कॉन्फरन्स करू नका.

२. पहिलं वर्ष आहे, सगळ्या कार्यक्रमांना जायलाच पाहिजे का?

अजिबात नाही, तेवढ्यात वाचायचं राहून जाईल. पण डिपार्टमेंटचं कलोक्वियम आणि एक रीडिंग ग्रुप, एवढं मात्र सोडू नका. मोठ्या पाहुण्यांच्या भाषणाला हॉल भरतो आणि रीडिंग ग्रुपला पाच टाळकी असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की शिकायला मिळतं ते त्या पाच टाळक्यांत, कारण तिथे "हे पान मला कळलंच नाही" असं मोठ्याने म्हणता येतं. अजून एक, सिनियर लोकांचे डिफेन्स (थीसिसवरची तोंडी परीक्षा) बाहेरच्यांना खुले असतील तर जाऊन बसा. आपल्यावर वेळ येईल तेव्हा काय विचारतात, परीक्षक कुठे अडवतात, गाईड कधी गप्प बसतो, हे सगळं दोन तासांत फुकट कळतं.

३. आपल्या विषयातल्या मोठ्या कॉन्फरन्स नक्की कुठल्या?

क्रॉसरोड्स हे नाव सगळ्यात जास्त ऐकाल. पहिली क्रॉसरोड्स १९९६ साली फिनलंडमध्ये टांपेरेला झाली, आणि २००२ मध्ये असोसिएशन फॉर कल्चरल स्टडीज ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिल्यापासून ती संघटना ही कॉन्फरन्स चालवते. साधारण दोन वर्षांनी आणि दर वेळी वेगळ्या देशात. अमेरिकेतली कल्चरल स्टडीज असोसिएशन ही वेगळी संघटना, २००३ ची, नावं सारखी असल्यामुळे लोक एकीच्या कॉलला (पेपर मागवणाऱ्या जाहिरातीला) दुसरीचा फॉर्म भरतात. आशियातल्या विषयांवर काम असेल तर इंटर-एशिया कल्चरल स्टडीजवाल्यांकडे लक्ष ठेवा, त्यांचं जर्नल २००० पासून आहे आणि त्यांच्या सोसायटीची कॉन्फरन्सही असते.

पण खरं सांगू का, पहिला पेपर ग्रॅज्युएट कॉन्फरन्सला वाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी भरवलेली. मोठ्या कॉन्फरन्सला सकाळी पहिल्या सत्रात तुमचं पॅनेल लागतं आणि समोर फक्त त्याच पॅनेलमधले उरलेले दोघं बसलेले असतात, असं हमखास होतं.

४. पेपर लिहूनच झाला नाहीये, तरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलं तर चालतं का?

चालतं, जवळपास सगळे तेच करतात. कॉल फॉर पेपर्स कॉन्फरन्सच्या सहा-आठ महिने आधी येतो, तेव्हा पूर्ण पेपर कुणाकडेच नसतो. फक्त अट एक, मटेरियल हातात पाहिजे. मुलाखती झाल्यात, फिल्म बघून झाल्यात, अर्काइव्ह चाळलंय, आणि त्यातलं काहीतरी खटकतंय, एवढं असेल तर पाठवा. मटेरियलच नसेल तर नका पाठवू.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचं मागतात. त्यात सगळ्यात जास्त जागा कशात वाया जाते बघा, समजा विषय आहे घरकामाची रील्स आणि सुरुवात अशी केलीय: "जागतिकीकरणाच्या युगात डिजिटल माध्यमांनी मानवी जीवनाच्या सर्वच अंगांवर सखोल परिणाम केलेला आहे." हे वाक्य कुठल्याही पेपरला लावा, चालेल, म्हणूनच ते चालत नाही. त्याऐवजी हे बघा: "घरकामाच्या रील्समध्ये कॅमेरा बहुतेक वेळ हातांवर असतो, चेहरा फ्रेमच्या बाहेर राहतो. चेहरा काढून टाकल्यावर ते काम कुणाचं म्हणून दिसतं, हा ह्या पेपरचा प्रश्न आहे." निवडणाऱ्यांपुढे ढीगभर अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स असतात, दोन वाक्यांत त्यांना हात आणि चेहरा दिसला की ते पुढे वाचतात. मग दोन ओळी कुठलं मटेरियल, दोन ओळी कुणाच्या मांडणीशी वाद किंवा संवाद, आणि शेवटी युक्तिवाद कुठे जातोय ते. "काही निष्कर्ष मांडले जातील" असलं लिहू नका. निष्कर्ष अजून माहीत नसेल तर निदान अंदाज मांडा, नंतर बदलला तरी कुणी पकडून विचारत नाही.

५. वीस मिनिटांत किती पानं बसतात?

इंग्रजीत वाचणार असाल तर साधारण अडीच हजार शब्द, क्लिप दाखवायची असेल तर दोन हजारच. दुसऱ्या कुठल्याही भाषेत असेल तर घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, मनात वाचलेलं धरू नका. चॅप्टरमधली पानं कापून आणलेला पेपर लगेच ओळखू येतो, पहिली बारा मिनिटं थिअरीची उजळणी होते आणि मूळ उदाहरण आलं की चेअर (सत्राचा अध्यक्ष) "एक मिनिट" ची चिठ्ठी पुढे करतो. उदाहरण आधी घ्या. ज्यांच्यासमोर बोलताय त्यांनी हेजेमनी (वर्चस्व) हा शब्द ऐकलेला आहे.

आणि वेळ ओलांडू नका. तुमची जादाची पाच मिनिटं तुमच्या नंतरच्या माणसाच्या वाट्यातून जातात.

६. प्रश्नोत्तरात उत्तरच आलं नाही तर इज्जत जाते का?

नाही जात. "ह्याचा मी ह्या अंगाने विचार केला नव्हता, नोंद करून घेतो" हे पूर्ण उत्तर आहे, फक्त खरंच वहीत नोंद करा. इज्जत जाते ती उत्तर येत नसताना चार मिनिटं बोलत राहिल्यावर. काही प्रश्न हे मुळात प्रश्न नसतातच, ते विचारणाऱ्याच्या स्वतःच्या पुस्तकाचा सारांश असतात, त्यांना हसून "थँक यू, हे बघेन" एवढं पुरतं.

आपल्या विषयात तर ह्या चर्चेला मोठी किंमत आहे. १९९० मध्ये अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत कल्चरल स्टडीजची एक गाजलेली कॉन्फरन्स झाली होती, तिच्यातून १९९२ मध्ये जो जाडजूड ग्रंथ निघाला त्यात पेपरच्या मागोमाग श्रोत्यांशी झालेली प्रश्नोत्तरंही छापलेली आहेत. आपल्या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, स्टुअर्ट हॉल, समोरून आलेल्या प्रश्नांना कसे भिडतात ते तिथे वाचायला मिळतं. त्यामुळे तुमच्या पॅनेलला एखादा मित्र बसवा आणि त्याला फक्त प्रश्न लिहून घ्यायला सांगा. बोलणाऱ्याला स्वतःला त्यातलं अर्धंही नंतर आठवत नाही.

७. थ्री मिनिट थीसिसमध्ये भाग घ्यावा का, की ते सायन्सवाल्यांचं आहे?

सायन्सवाले जास्त असतात हे खरं, पण तीन मिनिटांत आपलं संशोधन सांगायची ही स्पर्धा सगळ्या विषयांसाठी असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये सुरू केली आणि आता जगभर चालते. नियम कडक आहेत: एकच स्थिर स्लाइड, अ‍ॅनिमेशन नाही, व्हिडिओ-ऑडिओ नाही, हातात कुठली वस्तू नाही, तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी बाद. आणि आपल्या लोकांसाठी खास सूचना, कविता, रॅप किंवा गाणं चालत नाही, बोलायचंच असतं. मूळ स्पर्धा पीएचडी आणि तत्सम संशोधन पदव्यांसाठी आहे, त्यामुळे कोर्सवर्कवाल्या एमएला बहुतेक ठिकाणी प्रवेश नसतो, आधी विचारून घ्या. डिपार्टमेंटच्या फेरीत निवड झाली तरी ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, बिनधास्त कळवा.

८. 'अचिव्हमेंट' म्हणून नक्की काय धरतात?

जे घडून गेलंय, ज्याला तारीख आहे आणि जे दुसरं कुणी तपासू शकतं ते सगळं. पेपर प्रसिद्ध होणं, कॉन्फरन्समध्ये सादर होणं, फेलोशिप, प्रवासाची मदत, निबंधाचं बक्षीस, शिकवण्याचा पुरस्कार, भाषांतर, पुस्तक परीक्षण, प्रदर्शन, कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा पास, सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) मंजूर, डिफेन्स, नोकरी. आणि नोकरी म्हणजे फक्त प्रोफेसरकी असं नाही. म्युझियम, प्रकाशन, पत्रकारिता, एनजीओ, शाळा, सगळं त्याच यादीत त्याच फॉन्टमध्ये येतं. प्रोफेसर झालेल्यांची नावं वर आणि बाकीच्यांची "इतरत्र" अशा एका ओळीत, हा प्रकार मी बघितलाय आणि तो मला पटत नाही, विशेषतः अशा विषयात जिथे आपण दिवसभर कशाला वरचं आणि कशाला खालचं म्हणतात ह्याच्यावरच बोलत असतो.

नुसतं हजर राहिल्याचं सर्टिफिकेट मात्र ह्यात धरत नाही. फाईलला लावा, बातमी नाही होणार.

९. पेपर जर्नलला पाठवलाय, सीव्हीवर 'पब्लिकेशन्स' मध्ये टाकू का?

पब्लिकेशन्समध्ये नाही. पाठवला म्हणजे फक्त पाठवला, ते कुणीही करू शकतं. टप्पे असे असतात: सबमिट केला, रिव्ह्यूला (तज्ज्ञांच्या वाचनाला) गेला, दुरुस्त करून परत पाठवा असं आलं (ह्यालाच आर अँड आर म्हणतात), स्वीकारला, छपाईच्या वाटेवर, प्रसिद्ध झाला. सीव्हीवर "रिव्ह्यूमध्ये" असं वेगळं सदर करून लिहायला हरकत नाही, तिथे जर्नलचं नाव टाळलेलंच बरं, कारण नकार आला की तीच ओळ दुसऱ्या नावाने लिहावी लागते आणि कमिटीतला कुणीतरी जुना सीव्ही जपून ठेवलेला असतो. आर अँड आर आला की मात्र जर्नलचं नाव लिहिलं तरी चालतं, ती बऱ्यापैकी पुढची पायरी आहे आणि घाबरून चार दिवस मेल न उघडण्यासारखं त्यात काही नसतं. 'फोर्थकमिंग' (लवकरच प्रसिद्ध होणार) हा शब्द स्वीकारल्याचं लेखी पत्र हातात असेल तरच. संपादक चहा पिताना "आवडला बरं का" म्हणाले हे पत्र नव्हे.

बातमीपत्रात आम्ही स्वीकारलेला आणि प्रसिद्ध झालेला एवढेच घेतो, आणि एकाच पेपरची बातमी दोनदा नाही घेत.

१०. माझ्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही, ते फालतू आहे का?

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा कोट होतात त्याचा आकडा) नाही म्हणून फालतू, असं नाही. कला आणि मानव्यशास्त्राच्या इंडेक्समधल्या जर्नल्सना क्लॅरिव्हेट ही हा आकडा काढणारी कंपनी तो द्यायचीच नाही, २०२३ पासून द्यायला लागली. त्याआधी कितीतरी नावाजलेली जर्नल्स आकड्याशिवायच चालली. जर्नल बघताना संपादक मंडळात कोण आहेत, तुम्ही ज्यांना कोट करता ते लोक तिथे लिहितात का, आणि मागच्या दोन-तीन अंकांतले लेख तुम्हाला वाचावेसे वाटतात का, हे बघा. शंका आलीच तर प्रश्न १६.

११. आम्ही चौघांनी मिळून लिहिलं, मग ते प्रत्येकाचं अचिव्हमेंट की पाव-पाव?

प्रत्येकाचं पूर्ण, फक्त चौघांची नावं लिहून. स्वतःचं नाव ठळक करा पण बाकीची तिघं 'आणि इतर' मध्ये ढकलू नका. आपल्याकडे अजूनही एकट्याने लिहिलेल्या गोष्टीला जास्त वजन देतात, नोकरीच्या कमिट्या तर हमखास, हे वास्तव आहे. पण गंमत बघा, हा विषय उभाच राहिला तो मिळून लिहिण्यावर. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीचं कल्चरल स्टडीजचं सेंटर रिचर्ड हॉगर्टने १९६४ मध्ये काढलं, पुढे स्टुअर्ट हॉलच्या काळात तिथे विद्यार्थी आणि शिक्षक छोट्या गटांत बसून वाचायचे आणि गटानेच लिहायचे, १९७१ पासून त्यांचं 'वर्किंग पेपर्स' हे जर्नल निघायला लागलं त्यात विद्यार्थ्यांचंच लेखन भरपूर होतं. १९७८ चं 'पोलिसिंग द क्रायसिस' हे पुस्तक पाच जणांच्या नावावर आहे, आणि त्याच वर्षीचं 'विमेन टेक इश्यू' तर विमेन्स स्टडीज ग्रुप अशा गटाच्या नावाने. त्या सेंटरचं पुढे झालेलं डिपार्टमेंट २००२ मध्ये बंद केलं गेलं, पण त्यांचं लिहिलेलं आपण अजून कोर्सवर्कला वाचतो.

व्यवहाराची गोष्ट: नावांचा क्रम आणि कुणी काय करायचं हे पहिल्या बैठकीतच मेलवर लिहून ठेवा. मैत्री आहे म्हणूनच लिहून ठेवा. आणि त्यातला भाग स्वतःच्या थीसिसमध्ये वापरायचा असेल तर बाकीच्यांची लेखी संमती आणि गाईडची परवानगी दोन्ही लागतात.

१२. झाईन (स्वतः छापलेलं छोटं मासिक), पॉडकास्ट, प्रदर्शन, शॉर्ट फिल्म... हे संशोधनात धरतात का?

धरतात, पण आपोआप नाही. प्रॅक्टिस-बेस्ड (म्हणजे कलाकृती करून मिळवायची) पदवी असेल तर ते कामच थीसिसचा भाग असतं आणि त्याच्याबरोबर एक लेखी मांडणी द्यावी लागते. नेहमीची पदवी असेल तर ते 'सार्वजनिक काम' ह्या सदरात जातं. दोन्हीत एक गोष्ट लागते ती म्हणजे पुरावा. प्रदर्शन उतरवलं की भिंत पांढरी होते, मग वर्षभराने कुणी विचारलं तर दाखवणार काय? तारखा, जागा, क्युरेटरची नोट, भिंतीवरचा मजकूर, मांडणीचे फोटो, आमंत्रणाचा कागद, सगळं एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा. पॉडकास्ट असेल तर ऑडिओ फाईल स्वतःकडेही ठेवा, होस्टिंगचे पैसे भरायचे थांबलं की एपिसोड गायब. आणि शक्य असेल तर युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) चढवा म्हणजे कायमचा पत्ता मिळतो.

फोटोंबद्दल अजून एक भानगड आहे, ती प्रश्न १९ मध्ये.

१३. कॉन्फरन्स मी भरवली, स्वतः पेपर वाचला नाही. हे कुठे लिहू?

'आयोजन' किंवा 'सेवा' ह्या सदराखाली, आणि नेमकं लिहा: कॉल लिहिला, अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स निवडली, बजेट सांभाळलं, पॅनेल चेअर केलं. नुसतं "आयोजन समिती सदस्य" लिहिलं की त्यात फक्त बॅनरखाली फोटोला उभे राहिलेलेही येतात. हे लिहायला संकोच करू नका, कारण बघा, पाहुण्यांची तिकिटं, जेवणाचे आकडे, व्हीलचेअरचा रॅम्प आहे का, माईक चालतोय का, हे सगळं बघणाऱ्यांत मुली जास्त असतात आणि शेवटच्या दिवशी मंचावर बसून समारोप करणाऱ्यांत कमी. निदान कागदावर तरी नोंद राहू दे. आयोजन समितीत असताना आपल्याच कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचा असेल तर वाचा, पण तुमचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट दुसऱ्यांनी निवडलेलं पाहिजे, नाव झाकून.

१४. पेपर सिलेक्ट झाला पण व्हिसा आला नाही / कॉन्फरन्सच रद्द झाली. आता?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्फरन्स आयोजकांनी रद्द केली असेल तर "स्वीकारला, कॉन्फरन्स रद्द" असं लिहिता येतं, २०२० च्या सीव्हींवर ही ओळ भरपूर दिसते आणि त्यावर कुणी नाक मुरडत नाही. कॉन्फरन्स झाली पण तुम्ही गेला नाहीत, तर सादर केला असं लिहायचं नाही, मग कारण व्हिसा असो, पैसे असोत की ताप. हे अन्यायाचं आहे, कारण व्हिसा कुणाला नाकारला जातो हे पासपोर्टवर ठरतं, पेपरवर नाही. म्हणून नकार आला त्याच दिवशी आयोजकांना मेल टाका आणि ऑनलाइन वाचू द्या किंवा पॅनेलमधल्या कुणाला तरी माझा पेपर वाचू द्या असं विचारा. दुसऱ्याने वाचला तरी पेपर तुमचाच, सीव्हीवर "अनुपस्थितीत वाचला" असं लिहा.

१५. ग्रँट मिळाली पण दुसरी मोठी मिळाली म्हणून घेतली नाही. सांगू शकतो का?

हो. पुढे "नाकारली" असं लिहायचं, तशी पद्धतच आहे. दोन्ही घेतल्यासारखं दाखवायचं नाही, कारण बऱ्याच फेलोशिपमध्ये एकाच वेळी दुसरी चालत नाही ही अट असते. प्रवासखर्चाची मदत स्पर्धेतून मिळाली असेल तर ती पुरस्कार, अर्ज केलेल्या प्रत्येकाला मिळत असेल तर नाही.

१६. "आदरणीय प्रोफेसर" म्हणून मेल आलाय, कीनोट (मुख्य भाषण) द्यायला बोलावलंय, मी तर एमएला आहे! जाऊ का?

नका जाऊ. ह्या कॉन्फरन्स फी गोळा करण्यासाठी असतात. खुणा नेहमीच्याच: विषय सांगताना संस्कृती, नॅनोटेक्नॉलॉजी आणि दंतवैद्यक एकाच बॅनरवर, दोन दिवसांत स्वीकृती, कमिटीत मोठी नावं ज्यांना स्वतःलाच माहीत नाही, आणि रजिस्ट्रेशन फी आधी. जर्नलच्या बाबतीत जेफ्री बील नावाच्या लायब्रेरियनची एक यादी लोक अजून फिरवतात, पण ती त्याने जानेवारी २०१७ मध्येच काढून टाकली, त्यामुळे त्या यादीत नाव नाही म्हणजे जर्नल चांगलं, असं समजू नका. सगळ्यात सोपा उपाय, कमिटीतल्या एका माणसाला त्याच्या युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर मेल करून विचारा.

पैसे भरून झाले असतील तर गाईडला सांगा. लाजू नका, लायब्ररीवाल्यांकडे असे किस्से ढिगाने आहेत. पेपर अजून छापला नसेल तर लेखी मागे घ्या, कारण छापला गेला की चांगलं जर्नल तो परत घेणार नाही.

१७. तोच पेपर दोन कॉन्फरन्सला वाचला तर? आणि दोन जर्नलला पाठवला तर?

कॉन्फरन्सला वाचा, फक्त दर वेळी काहीतरी पुढे गेलेलं असू दे आणि शीर्षक नुसतं कॉस्मेटिक बदलू नका. सीव्हीवर दोन ओळी येतील, वाचणाऱ्याला कळतंच. जर्नलला मात्र एका वेळी एकच, हा नियम पक्का आहे. एकीकडून सात महिने उत्तर नाही म्हणून वैतागून दुसरीकडे पाठवायचा असेल तर आधी पहिल्यांना "मागे घेतोय" असा मेल करा, त्यांची पोच येऊ द्या, मगच.

१८. डिफेन्स झाला! आजपासून नावाआधी 'डॉ.' लावू का?

मित्रमंडळी लावतीलच, त्यांना कोण अडवणार. पण अर्जात आणि अधिकृत कागदावर, दुरुस्त्या मंजूर होऊन युनिव्हर्सिटीने पदवी दिल्याचं कळवेपर्यंत थांबा. मधल्या काळात "डिफेन्स पूर्ण, पदवी अपेक्षित" आणि महिना लिहा. बातमीपत्रात आम्ही डिफेन्सच्या दिवशीच अभिनंदन छापतो, पण 'डॉ.' शिवाय. ह्यावरून एकदोघं रुसलेत.

ह्याच सुमाराला एम्बार्गोचं ठरवावं लागतं, म्हणजे थीसिस काही काळ लोकांसाठी बंद ठेवायचा का. त्यातून पुस्तक काढायचं असेल किंवा फील्डवर्कमधल्या कुणाला त्रास होण्यासारखं असेल तर मागा. पण एम्बार्गो असला तरी शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट साधारणपणे दिसतच राहतात, त्यामुळे गावाचं किंवा माणसाचं नाव लपवायचं असेल तर ते शीर्षकातच नको.

१९. माझ्या पुरस्काराच्या बातमीत फील्डवर्कचा फोटो दिला तर चालेल का?

त्या फोटोत माणसं असतील तर बहुतेक वेळा नाही. त्यांनी तुमच्या संशोधनाला संमती दिली होती, तुमच्या कौतुकाच्या पोस्टला नाही. थीसिसमध्ये नावं बदलायची आणि बातमीत त्याच बाईंबरोबर हसरा सेल्फी टाकायचा, मग नाव बदलून उपयोग काय झाला? त्यांना परत विचारा, कुठे छापणार ते दाखवून विचारा, नाही म्हणाल्या तर विषय संपला. वस्तू, जागा, तुमची वही, ह्यांचे फोटो चालतात, तेही मागे घराचा नंबर किंवा दुकानाची पाटी दिसत नाही ना बघून.

उलट प्रकारही होतो. काही जणांना स्वतःचं नाव हवंच असतं, विशेषतः कलाकारांना, आणि आपण नियमावर बोट ठेवून त्यांना "एक वादक" करून टाकतो. संमतीपत्रात दोन्ही पर्याय आधीच ठेवले तर हा पेच येत नाही.

२०. नाव बदललंय, जुने पेपर जुन्या नावाने आहेत. मग ते माझे कसे दाखवू?

ऑर्किड आयडी (संशोधकाचा ओळख नंबर) काढा, फुकट आहे, २०१२ पासून चालू आहे, सोळा अंकी नंबर असतो आणि नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. लग्न, घटस्फोट, लिप्यंतर बदलणं, काहीही कारण असो, त्या एका नंबराखाली सगळं येतं. ट्रान्स विद्यार्थ्यांना किंवा ज्यांना जुनं नाव दिसायलाच नको आहे त्यांना हे पुरत नाही. त्यांच्यासाठी २०२० नंतर बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी धोरण बदललंय, जुन्या लेखांवरचं नावही ते बदलून देतात आणि त्यासाठी वेगळी शुद्धिपत्रकाची नोटीस छापत नाहीत, फक्त विनंती तुम्हाला प्रत्येक प्रकाशकाकडे वेगळी करावी लागते. आमच्या बातमीपत्राचे जुने अंकही दुरुस्त करून देतो, कारण विचारत नाही, एका ओळीचा मेल पुरे.

२१. बातमी पाठवताना काय काय पाठवू?

नाव जसं छापून यायला हवं तसं, एमए की पीएचडी, कितवं वर्ष, काय घडलं ते एका वाक्यात, तारीख, आणि लिंक किंवा पत्राचा फोटो. विशेषणं नकोत, "प्रतिष्ठित" हा शब्द मी तसाही काढून टाकते. पेपर असेल तर कुठल्या टप्प्यावर आहे ते प्रश्न ९ बघून लिहा. महिन्याच्या वीस तारखेनंतर आलेलं पुढच्या अंकात जातं, आणि वीस तारीख म्हणजे वीसची रात्र नव्हे, संध्याकाळी पाच.